सात शब्द जास्त

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा लाल आकडा होता : १२७. तो १२० झाल्याशिवाय ‘पाठवा’ हे बटण उजळणार नव्हतं.

महोत्सवाच्या आयोजकांचा अर्ज तसा साधा होता. वादकांच्या नावांचे रकाने वेगळे. ते मोजणीत नाहीत. त्याखाली चौघांची मिळून माहिती, जास्तीत जास्त एकशेवीस शब्द. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. सव्वाचार वाजून गेले होते, आणि तालमीच्या खोलीत पाऊण तासात एकही सूर लागला नव्हता.

बासवाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यामागे भिंतीला टेकून तिचा डबल बास उभा होता, तिच्याहून हातभर उंच तंतुवाद्य. दर वर्षी हे काम तिच्याकडेच यायचं. दिवसा ती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत असायची, त्यामुळे मोजण्यासारखं काही निघालं की सगळे तिच्याकडे बघत. तिने मोजलं होतं. दादाचे अठ्ठावन्न, पियानोवाल्या मास्तरांचे छत्तीस, ड्रमरचे सव्वीस, तिचे सात.

“प्रत्येकाने दोन-तीन शब्द सोडा,” ती तिसऱ्यांदा म्हणाली. “दादा, तुझ्यात ‘सुप्रसिद्ध’ही आहे आणि ‘विख्यात’ही. एक काढते.”

“दोन्हींत फरक आहे गं,” सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यात अडकवत दादा म्हणाला. तो तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि या जॅझ बँडचा प्रमुख.

“काय फरक?”

“सुप्रसिद्ध गावात, विख्यात गावाबाहेर,” मास्तरांनी परस्पर खुलासा केला.

“मग मास्तर, तुमचं ते ‘तीन शहरांत शिक्षण’ काढू?”

“दोन शहरं कर हवं तर. शब्द तेवढेच राहतील, बघ.”

ड्रमर झांजेचा नट आवळत होता. त्याने वर न बघताच सांगितलं, “ताई, माझ्या ‘तडफदार’ला हात लावायचा नाही हं. ते गेलं तर मी नुसता ड्रमर उरतो.”

“तू नुसता ड्रमरच आहेस,” मास्तर म्हणाले. तिघेही हसले. ती हसली नाही. आकडा १२७ वरच होता.

सतरा वर्षांपूर्वी, पहिल्या कार्यक्रमाच्या पत्रकात तिचे एक्केचाळीस शब्द होते. बँडच्या दोन रचना तिच्या आहेत, हेही त्यांत होतं. मग ड्रमरला बक्षीस मिळालं, त्याला जागा लागली. मास्तर परदेशी वाजवून आले. दादाने स्वतःच्या नावाने अल्बम काढला. दर वर्षी कुणाचं ना कुणाचं काहीतरी वाढायचं आणि तिचं कमी व्हायचं. कापणारीही तीच, त्यामुळे भांडायचं कुणाशी? त्या दोन रचना एका वर्षी ‘बँडच्या रचना’ झाल्या. पुढच्या वर्षी त्या दादाच्या माहितीत जाऊन बसल्या. ‘नंतर बदलू,’ तो म्हणाला होता. त्यालाही सहा वर्षं झाली. कार्यक्रमात तिचा सोलो सुरू झाला की तिघे पाणी प्यायला जात.

चार महिन्यांपूर्वी तिला एक पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरातली एक पियानोवादिका तिघींचा नवा संच उभा करत होती. बँडच्या पहिल्या कार्यक्रमाचं ते पत्रक त्या वादिकेने जपून ठेवलं होतं. ‘त्या दोन रचनांपासून सुरुवात करू,’ तिने लिहिलं होतं. ‘आणखी असतील तर सगळ्या घेऊन ये.’ आणखी नऊ होत्या. पण त्यासाठी बँड सोडावा लागणार होता, आणि ते दादाला सांगावं लागणार होतं. त्याचा दौरा होऊ दे, त्याचं रेकॉर्डिंग होऊ दे, असं करत चार महिने गेले. आज सकाळी फोनवर दोनच वाक्यं आली होती : ‘रात्रीपर्यंत कळव. नाहीतर मी दुसरी बघते.’

“साडेचार झाले,” ती म्हणाली. “सात शब्द. कुणाचेही.”

मास्तर बोटं मोडत बसले. दादाने घड्याळाकडे पाहिलं आणि वैतागून मान हलवली.

“अगं, एवढा काय घोळ घालतेस? तुझ्यातलंच काढ ना काहीतरी. तू घरचीच आहेस. घरच्या माणसाची ओळख ती काय करून द्यायची!”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. तिच्या नावापुढे एवढंच होतं : ‘पहिल्या दिवसापासून डबल बास त्याच वाजवत आहेत.’ तिने ते एकदा मनात मोजलं, सवयीने. मग पुसलं.

आकडा हिरवा झाला. १२०.

ती थांबली. मग आणखी एक कळ दाबली, बराच वेळ दाबून धरली, आणि लॅपटॉप दादाच्या हातात दिला.

“हे बघ, झालं की!” दादा खूश झाला. “उगाच तासभर सगळ्यांचं डोकं खाल्लंस.” त्याने बोट बटणाकडे नेलं आणि मध्येच थांबवलं. “हे काय? इथे तीनच नावं दिसतायत. तुझं चुकून पुसलं गेलं वाटतं. अगं, नावं मोजत नाहीत ते!”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी बँड सोडला, दादा.”