एकोणचाळीसच्या वर

थर्मामीटरवर अडतीस पूर्णांक आठ दिसताच शालननं नवऱ्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. पक्षाघातानंतर सुधाकरच्या आठवणी कवटीखालच्या चिपमध्ये होत्या. त्या जपणारे चिपमधले अणूंएवढे चुंबक ठरावीक तापमानापर्यंतच एकजुटीनं उभे राहत. “ताप एकोणचाळीसच्या वर गेला, तर ते विस्कटतील आणि पुन्हा जुळणार नाहीत,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अँब्युलन्स घाटात अडकली होती.

बारा वर्षांपूर्वी मरणाच्या दारात असलेल्या दिराचा फोन आल्याचं शालननं सुधाकरपासून लपवलं होतं. पुढे त्याला ते कळलं, पण तो अवाक्षरही बोलला नाही. तिनंही कधी विषय काढला नाही.

एकोणचाळीस पूर्णांक एक.

“अहो, तो फोन मी लपवला. मला माफ करा. आत्ताच करा, तुमच्या पाया पडते!”

सुधाकरनं डोळे उघडले. “शालन, रडतेस कशाला? कुणाचा फोन?”

“अण्णाभावोजींचा! तुमच्या भावाचा!”

“वेडी का तू? मला कुठे गं भाऊ?” तो मायेनं म्हणाला.

शालननं त्याचे तापलेले पाय घट्ट धरले.

“होता हो,” ती म्हणाली. “तुम्हाला भाऊ होता.”