चार्ज दिल्यावर

"आज चूल पेटवू नकोस, लटारू," खेर्डेकर साहेब म्हणाले.

लटारू कोर्टाचा चपराशी, आणि बंगल्यावरचा स्वयंपाकीही तोच. फुंकणी हातात धरून तो तसाच उभा राहिला. "काऊन साहेब? उपास हाय का आज?"

"उपास कसला? कोणीतरी बोलावेल जेवायला."

घनश्यामराव खेर्डेकरांनी कालच गडचिरोलीच्या कोर्टाचा चार्ज दिला होता. न्यायाधीशाची तीस वर्षांची नोकरी संपली होती. सहा तालुके झाले आणि सहाही ठिकाणी त्यांचा एकच नेम होता: गावात कोणाकडे जेवायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. आज ज्याच्या घरी पुरणपोळी खावी, तोच उद्या वादी म्हणून समोर उभा राहायचा. पण आता ते कोणाचेच न्यायाधीश नव्हते. बस चार वाजता होती. मधे एक जेवण होतं, आणि ते तरी एकट्यानं जेवायचं नाही एवढंच त्यांच्या मनात होतं.

काल वकिलांनी निरोपाचा चहा ठेवला. हार घातला. भाषणं झाली. "साहेबांनी तीन वर्षांत या गावची सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही!" असं एक वकील म्हणाले आणि खूप टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवून सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून खेर्डेकर ओसरीवर बसले. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली होती. अकरा वाजले. सरकारी वकील सायकलवरून आले, उतरले, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा सायकलवर बसून गेले. बारा वाजले. खेर्डेकरांना भूक लागली होती. त्याहून जास्त लाज वाटत होती. साठीला आलेल्या माणसानं आमंत्रणाची वाट पाहत बसावं, हे त्यांचं त्यांनाच बघवत नव्हतं.

फाटकाशी कोणीतरी बोलल्याचा आवाज आला. मग लटारू एकटाच परत आला.

"कोण होतं रे?"

"कोनी नाई साहेब. ढिवराची सुगंधाबाई आलती, ते तलावाच्या केसवाली. तुमाले जेवाले बलावत होती. परतवली म्या."

"परतवलीस?"

"तं का करू? तीन वर्सं झाले, जो येते त्याले परतवूनच राह्यलो. तुमीच तं शिकवलं."

खेर्डेकरांना रागवायला तोंडच नव्हतं. त्यांनी चपला घातल्या. "घर कुठे आहे तिचं?" सुगंधाबाईच्या तलावाचा खसरा नंबर त्यांना तोंडपाठ होता. तिचं घर कुठल्या मोहल्ल्यात आहे, ते मात्र माहीत नव्हतं.

लटारूनं वाट दाखवली. अंगणात मासे धरायची जाळी वाळत टाकली होती. साहेबांना दारात पाहून सुगंधाबाईनं पदर सावरला.

"आले का साहेब! लटारू तं म्हने, साहेब कोनाच्या घरचं खात नाई."

"खात नव्हतो," खेर्डेकर म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "बाई, तुझा दावा मीच खारीज केला. तो तलाव तुमच्या हातून गेला. तरी मला बोलावलंस?"

"हरली तं हरली. पन तीन दिवस तुमी माह्यं सारं ऐकून घेतलं. माह्या नवऱ्यानं बी जलमात येवढं ऐकलं नाई!"

घरातली माणसं तोंडाला हात लावून हसली. खेर्डेकरही हसले, आणि आपला आवाज ऐकून जरा दचकले.

"बसा साहेब. मासोळी नाई केली. तुमी खात नाई ना? वरन-भात हाय, अन् वांगे."

त्यांच्यापुढे पळसाची पत्रावळ आली. घरातले सहा-सात जण भिंतीला लागून उभे राहिले. खेर्डेकरांनी हात थांबवला.

"तुम्हीही बसा. माझ्याबरोबर जेवा. तुम्ही बसल्याशिवाय मी घास घेणार नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी सुगंधाबाईनं डोळ्यांनीच खुणावलं आणि एकेक जण येऊन बसला. पत्रावळी पडल्या, भात वाढला गेला. खेर्डेकरांच्या उजवीकडेही माणूस होता, डावीकडेही होता. वरण तिखट होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं म्हणून खपून गेलं. किती वर्षांनी ते पंगतीत बसले होते, कोणाला सांगणार!

आता काहीतरी बोलायला हवं होतं. पंगतीत माणसं बोलतात. पाऊस, पोरंबाळं, दुखणं-खुपणं, काहीही. पण सुरुवात कशी करतात, ते खेर्डेकरांना आठवेना. उजवीकडे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा खाली मान घालून जेवत होता. तो आपल्यासमोर साक्ष देऊन गेला आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. साक्ष लिहून घेताना ते कधी कागदावरून मान वर करत नसत.

"नाव काय तुमचं, भाऊ?" त्यांनी जमेल तितक्या मायेनं विचारलं.

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. त्यानं तो पत्रावळीवर ठेवला, हात धोतराला पुसला आणि उभा राहिला. पंगत जेवायची थांबली. म्हाताऱ्यानं हात जोडले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बोलायला लागला.

"इस्तारी वल्द पत्रू, उमर साठ, धंदा मासोळ्या, रायनार इथलाच. देवाची आन घेऊन सांगतो साहेब, जे सांगीन ते खरं सांगीन, खोटं सांगनार नाई."