पायातला राग
नवरा ऑनलाइन समुपदेशक. घरात तोंडाला कुलूप, स्क्रीनसमोर मात्र जिभेवर साखर. बोलण्याला व्यायामाची जोड देऊन लोकांची मनं मोकळी करतो म्हणे. हे सोंग जवळून बघावं म्हणून बायकोने खोट्या नावाने त्याचीच वेळ घेतली आणि स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली. कॅमेरा बंद ठेवून तिने लिहिलं, “बोलवत नाही, लिहिते. नवरा मला मोजत नाही, फार राग येतो.” इअरफोनमधून मधाळ आवाज आला, “राग शरीरात कुठे जाणवतो?” “पायात.” “मग उभ्या राहा, पाय जोरजोरात आपटा. इथे तुम्हाला कोणी अडवणार नाही.” तिने मनापासून आपटले. इअरफोन मुका झाला आणि भिंतीपलीकडून डरकाळी आली, “पाय कसले आपटतेस? माझं काम चाललंय इथे.” लगेच कानात पुन्हा मध. “छान. आता कसं वाटतंय?” तिने लिहिलं, “आत्ताच अडवलंस की.”