तेरेसाचा जबाब

तेरेसाच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण उरकून तिच्या नवऱ्याचा मित्र युजीन गाडीनं निघाला आणि पुढच्याच चौकात त्यानं शाळकरी मुलीला उडवलं. मुलगी वाचली, पण पाय गेले. मुलीच्या आईनं युजीनवर आणि त्याच्याबरोबर तेरेसावर व तिच्या नवऱ्यावरही दावा ठोकला, कारण दारू त्यांनीच पाजली होती. नॉर्थ यॉर्क उपनगरातल्या एका ऑफिसात वकिलांसमोर तेरेसाचा शपथेवर जबाब होता. लिफ्टमध्ये नवरा पुन्हा म्हणाला, “तो प्यालेला वाटला नाही, एवढंच सांग. नाहीतर भरपाईत घर जाईल.” टेबलापलीकडे मुलीची आई होती. तिच्या वकिलानं विचारलं, “तो नशेत निघाला, हे तुम्हाला ठाऊक होतं?” “हो,” त्या आईकडे पाहत तेरेसा म्हणाली. “त्याला बुटांच्या नाड्या बांधता येईनात. मी खाली बसून बांधल्या. किल्लीही हातात दिली.” नवऱ्यानं डोळे मिटले. त्या दोघांचा वकील म्हणाला, “ब्रेक घेऊ.” “नको,” ती म्हणाली, “पुढचं विचारा.”