छातीचं माप

जुन्या मित्राचं माप शिंप्याच्या वहीत कधीचंच होतं. तरी मित्र दर वर्षी कापड घेऊन यायचा, हात वर करून उभा राहायचा आणि त्याच्या छातीभोवती टेप नेताना शिंपी श्वास रोखून धरायचा. दोघांचे संसार झाले, केस पिकले, पण मापापलीकडचं कुणी काही बोललं नाही.

यंदा मित्राची बायको एकटीच दुकानात आली.

"सहा महिने झाले भाऊजी, हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. डॉक्टर म्हणतात, मनाचा आजार आहे. तुम्ही घरी येऊन माप घ्या, तेवढ्यापुरते तरी उठतील."

शिंप्यानं मान वर केली नाही. "माप वहीत आहे, वहिनी. शर्ट शिवून पाठवतो."



"शर्ट नकोच आहे भाऊजी. तुम्ही शिवलेले सव्वीस कपाटात पडलेत, एकाचीही घडी मोडलेली नाही त्यांनी."