डावी बाजू

तिसऱ्यांदा रंगवलेलं दार वाळल्यावर सेवकरामनं त्यावरून बोटं फिरवली, आणि बोटांना पुन्हा रवा लागला. गाडीची उजवी बाजू आरशासारखी. डावी बाजू रव्याच्या वडीसारखी.

गाडी राइस मिलवाल्या मारोतरावांची, क्रीम रंगाची ॲम्बेसडर. परवा त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि वरात याच गाडीतून निघायची होती. लाखनीच्या हायवेवर बाकीचे पेंटर ट्रक उघड्यावर रंगवत. भैय्याजींच्या वर्कशॉपात मात्र रंगाची बंद खोली होती. पुढच्या भिंतीला हवा आत घेणारी, कापड ताणलेली जाळी. मागच्या भिंतीला हवा बाहेर फेकणारे दोन पंखे. चार वर्षं सेवकराम त्या खोलीत रंगाची गन मारत होता. अशी बाजू त्यानं कधी दिली नव्हती.

त्याच्या मनात पंखा आला नाही, जाळी आली नाही. हात आला. त्याला बावन्नावं लागलं होतं. चहाची बशी धरताना हात कापतो का, हे तो आठवडाभर चोरून पाहत होता.

"नवरीच्या बाजूनं चकाचक अन् नवरदेवाच्या बाजूनं खरखर," भैय्याजी म्हणाले. "लोक का म्हनतील? मी उद्या नागपूरचा कारागीर बोलावतो."

"एक डाव पाहू द्या, मालक."

सेवकरामनं गाडी बाहेर काढली आणि खोलीत दोन भंगार पत्रे उभे केले, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्हींवर त्यानंच गन मारली. डावा पत्रा खरखरीत. मग त्यानं दुसऱ्या पेंटरला, इश्वरला बोलावलं. इश्वर सव्वीस वर्षांचा, हात खांबासारखा स्थिर. त्याचाही डावा पत्रा खरखरीतच निघाला. इश्वरचं तोंड पडलं. सेवकरामनं त्याला स्वतःच्या खर्चानं चहा पाजला.

"हात नाई, जागा खराब हाये," तो भैय्याजींना म्हणाला. "डावीकडं रंगाचा धुका बाहेर जाऊनच नाई राहिला. तिथंच फिरते अन् ओल्या रंगावर बसते."

"पंखे त दोनी फिरून राहिले." भैय्याजींनी खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. "धूर करून पाहू, हवा कुठं जाते ते."

सेवकरामनं त्यांच्या हातातून आधी काडेपेटी घेतली. "मालक, खोलीत थिनर हाये. धूर का, आपन सगळेच वर जाऊ."

तेवढ्यात त्याची बायको रुखमिणी डबा घेऊन खोलीच्या दारात आली. अंगावर पातळ नायलॉनचं लुगडं. पंखे चालू होते. डोक्यावरून घेतलेल्या पदराचं उजवं टोक उडालं आणि उजव्या पंख्याकडे ताठ झालं. डाव्या खांद्यावरची बाजू हललीसुद्धा नाही.

सेवकराम पाहत राहिला. "तशीच आत चाल," तो म्हणाला. "पदर हातात धरून."

"काहून?"

"चाल म्हनलं ना."

सारं वर्कशॉप काम टाकून दारात जमलं. रुखमिणी पदराचं टोक धरून भिंतीभिंतीनं चालली, ओटीला निघाल्यासारखी. उजवीकडे पदर फडफडला. मध्ये मंद झाला. डाव्या पंख्याच्या थेट पुढ्यात तिनं हात वर केला, आणि पंखा घरघरत असताना पदर तिच्याच तोंडावर येऊन पडला.

"हा त उलटा फेकून राहिला," पदराआडून ती म्हणाली. "याच्या मागून वाट बंद असंन."

सगळे खोलीच्या मागे गेले. मागे भैय्याजींच्याच घराचं अंगण होतं. डाव्या पंख्याच्या तोंडावर ट्रकच्या ताडपत्रीचा तुकडा बांधला होता, चारी कोपऱ्यांना नायलॉनची दोरी, दुहेरी गाठी. पंख्याच्या हवेनं ताडपत्री नवव्या महिन्याच्या पोटासारखी टरारली होती.

"हे कोनं बांधलं?" भैय्याजींनी आवाज चढवून विचारलं. सेवकरामकडे पाहिलं, इश्वरकडे पाहिलं.

पंख्याच्या समोरच स्वयंपाकघराची खिडकी होती. भैय्याजींच्या बायकोनं, चंद्रकांताबाईंनी, हातातली पोळी तव्यावर टाकली आणि खिडकीतून सांगितलं, "तुमीच त बांधलं. वरनाले थिनरचा वास येऊन राहिला म्हनून ताटावरून उठले होते ना, पंधरा दिवस झाले."

भैय्याजींनी गाठी स्वतःच सोडल्या. दुहेरी होत्या, वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही.

पण ताडपत्री सुटताच थिनरचा भपका थेट तव्यावर गेला आणि चंद्रकांताबाईंनी खिडकी आपटून लावली. तेव्हा सेवकराम आणि इश्वरनं तेलाच्या तीन रिकाम्या डब्यांची बुडं कापली, डबे एकमेकांना जोडले आणि डाव्या पंख्याचं तोंड वाकवून छपराच्या वर नेलं. हवेची वाट लांबल्यामुळे तो पंखा थोडा दमानं ओढू लागला, म्हणून पुढच्या भिंतीची जाळी त्यांनी उजव्या पंख्याच्या बाजूनं चार बोटं झाकली. रुखमिणीला पुन्हा चालवलं. या वेळी पदर दोन्हीकडे सारखा उडाला. संध्याकाळपर्यंत डावी बाजू अशी उतरली की सेवकरामनं तिच्यात पाहून टोपी नीट केली.

लग्न झालं. आठवड्यानं साकोलीच्या एका वर्कशॉपचा माणूस मोटरसायकलवर आला. सेवकरामनं स्टूल पुसून पुढे सरकवलं.

"आमच्या खोलीत उजवी बाजू खराब येऊन राहिली," तो माणूस म्हणाला. "बाईले धाडता का एक दिवस?"

सेवकरामनं स्टूल मागे घेतलं आणि डबा घेऊन आलेल्या रुखमिणीला हाक मारली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"येईन," ती म्हणाली. "पन पयले खोलीच्या मांगं जाऊन पाहा, तिथं कोनाचा सैपाक चालते ते."