भजनी मंडळातली बाई

"पुढच्या येळंपासून शर्ट-पँटीत ये," दयानंद म्हणाला. "न्हाई तर काही दिवस येऊच नको."

सिंधू नुकतीच देगलूरच्या एसटीतून उतरून आली होती. पायातली चप्पलही काढली नव्हती. तिनं खोलीतल्या आठ जणांकडं बघितलं. सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. म्हणजे ठरवाठरवी आधीच झाली होती, आणि सांगायचं काम तेवढं किनवटच्या मास्तरच्या, दयानंदच्या, गळ्यात पडलं होतं.

गल्लीच्या लेखी हे भजनी मंडळ होतं. तसे दोन टाळ होते, एक पखवाज होता, भिंतीवर विठोबाचं कॅलेंडरही होतं. खरं म्हणजे हे नांदेड-लातूरकडचे गे पुरुष. बायकोला, आईबापाला, हेडमास्तरला जे सांगता येत नाही ते पंधरा दिवसांतून एकदा इथं येऊन बोलायचे. हसायचे, कधी रडायचेही. चार वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. मग गेल्या दिवाळीपासून, तोवर शर्ट-पँटीत येणारी सिंधू साडी नेसून यायला लागली आणि सगळ्यांना गल्लीची धास्ती वाटायला लागली.

"बाप्यांच्या भजनात ही बाई कोण, म्हणून गल्ली इचारून राहिली," हनुमंत म्हणाला. तो अजून तिला जुन्याच नावानं हाक मारायचा. "आम्हाला लेकरंबाळं हायत. तुझं काय, तुझं तर घरच सुटलं."

ते मात्र खरं होतं. घर सुटलं होतं, कापडदुकानातली नोकरीही गेली होती. तिला सिंधू म्हणणारी माणसं उरली होती ती याच खोलीत. तीही दोन-चारच.

"मी बाई हाय रे," ती म्हणाली. "तुम्हालाबी किती बारी सांगू?"

जगाला सांगून सांगून ती आधीच दमली होती, आता आपल्याच माणसांशी भांडायला अंगात त्राण उरलं नव्हतं. "बरं. न्हाई येत," म्हणाली आणि जिना उतरली. दयानंदला लाज वाटली. आणि खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं.

पाचच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. हनुमंतनं घाईघाईनं टाळ उचलले. घरमालकीण सगुणाबाई गुडघे धरत वर आली.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "खोली सोडते म्हणून सिंधू खाली रडून राहिली. काय केलं तिला?"

"मावशी, भजनात बाई म्हणल्यावर लोक..."

"कोणतं भजन रे? एकादशीला अंडाबुर्जी मागवणारं भजनी मंडळ उभ्या जन्मात बघितलं न्हाई मी."

हनुमंतनं टाळ खाली ठेवले.

"तुम्ही खोली मागायला आलतात, तवाच मी न्हाई म्हणणार होते. खोटं बोलणारं तोंड कळतंय मला. दुसऱ्या दिशी ती एकटीच आली. तवा पँटीत होती. म्हणली, मावशी, मी बाई हाय, अन् त्या पोरांचा पोरांवर जीव हाय. कुणाला तरास देणार न्हाईत, पर त्यांना बसायला कुठंच जागा न्हाई. तिच्या तोंडाकडं बघून हो म्हणले मी. वर म्हणली, तुम्हाला ठाऊक हाय हे त्यांना कळू देऊ नका. घाबरतील."

दयानंदची मान वर होईना. "चुकलं मावशी," तो म्हणाला. "बोलवा तिला वर. आमचीच हाय ती. ठेवून घेतो आम्ही."

"तुम्ही कोण ठेवून घेणारे?" सगुणाबाई म्हणाली. "खोली मी तिला दिलेली हाय. तुम्हाला ठेवायचं का न्हाई, ते तिला इचारून सांगते."